नाकाच्या वाटेने आत जाणारी दुर्बीण

मित्रांनो, तारे दाखवणारी दुर्बीण तुम्हाला ठाऊक आहे. मी तिच्याच नात्यातली, पण मी आजवर एकही तारा पाहिलेला नाही. मी वितीपेक्षा आखूड आणि पेन्सिलीहून बारीक आहे. माणसाच्या नाकातून आत जायचे आणि तिथला अंधार डॉक्टरांना पडद्यावर दाखवायचा, एवढेच माझे काम. हजारो नाके पाहिली. आता थकले आहे.

एका कारागीर बाईने डोळ्याला भिंग लावून काचेच्या बारीक कांड्या माझ्या पोलादी नळीत एकामागोमाग बसवल्या. तिथून मी ज्या इस्पितळात आले, तिथल्या नाक-कान-घशाच्या डॉक्टरीणबाई तेव्हा नव्याच होत्या. त्या मला स्वतःच्या हाताने धुवायच्या आणि मऊ कापडात गुंडाळून ठेवायच्या. माझ्यामुळे चेहऱ्यावर कापाकापी न करता नाकातूनच ऑपरेशने होऊ लागली, तेव्हा माझे फार कौतुक झाले.

पुढे रोगी वाढले आणि हात तेवढेच राहिले. बाईंचे केस पिकले. मला धुणारे रोज बदलू लागले. अशाच एका घाईच्या दिवशी कुणाच्यातरी दमलेल्या हातातून अवजारांचा जड ट्रे माझ्यावर आदळला आणि माझ्या काचेच्या कडेचा टवका उडाला. त्या माणसाने इकडेतिकडे पाहिले, मला पुसले आणि जागेवर ठेवून दिले.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी फरशी बसवणारे एक गृहस्थ आले. सोबत त्यांची थोरली बहीण होती. तिचे इस्त्रीचे दुकान होते. फरशीवाल्यांना वर्षभर सर्दी होती म्हणे. कामाला खाली वाकले, की उजव्या नाकपुडीतून टपटप पाणी गळायचे. ओल्या सिमेंटवर थेंब पडतात म्हणून जोडीदार चेष्टा करायचे. सर्दीच्या गोळ्या खाऊन खाऊन ते कंटाळले होते. महिन्यापूर्वी मेंदूज्वर झाला. चार दिवस त्यांनी बहिणीलासुद्धा ओळखले नव्हते. त्यातून कसेबसे उठले, पण पाणी काही थांबले नाही.

बाई सर्दीविषयीच विचारत होत्या. तेव्हा ताईंनी पिशवीतून एक रुमाल काढून टेबलावर ठेवला.

“सर्दीचा रुमाल वाळला की कडक होतो, डॉक्टर. इस्त्री फिरवताना हाताला कळतं. याचा धुतल्यासारखा मऊच राहतो. ही सर्दी नाही हो.”

बाईंनी पेन खाली ठेवले. त्यांनी फरशीवाल्यांना वाकायला सांगून ते थेंब बाटलीत धरले आणि तपासायला पाठवले. ताईंचे म्हणणे खरे निघाले. मेंदूभोवती पाण्यासारखा द्रव असतो. नाकाचे छत म्हणजे अंड्याच्या टरफलासारखे पातळ हाड. दोन वर्षांपूर्वी जिन्यावरून पडून फरशीवाल्यांचे कपाळ आपटले होते, तेव्हा त्या हाडाला भोक पडले असावे, असे बाई म्हणाल्या. त्यातून द्रव खाली येत होता आणि त्याच वाटेने जंतू वर मेंदूकडे जाऊ शकत होते. पुन्हा ज्वर झाला तर जिवाशी गाठ होती.

ऑपरेशनच्या सकाळी पाठीच्या कण्यातून त्या द्रवात रंग सोडला. मी आत गेले. छतावरून हिरवट पिवळी धार उतरताना दिसली. बाईंनी मांडीतून घेतलेले पातळ अस्तर भोकावर बसवले आणि वरून नाकातलीच त्वचा पांघरली. पण माझ्या एका कडेला सगळे धूसर दिसत होते. बाईंनी मला चारदा पुसले. मी काही उजळले नाही.

तीन आठवडे नाक कोरडे राहिले. मग पुन्हा थेंब आला.

फरशीवाले आले ते मान खाली घालून. जड उचलायचे नाही असे बजावलेले असताना, घरी बसवेना म्हणून त्यांनी बाराव्या दिवशी फरशीची पेटी उचलली होती. ते त्यांनी आपणहून कबूल केले. बाई म्हणाल्या, “मलाही त्या दिवशी कड नीट दिसली नव्हती. माझ्याकडूनच राहिलं असेल.”

“दोघांनी कबूल केलंत, झालं,” ताई म्हणाल्या. “आता पुढचं बोला.”

बाईंनी नवी दुर्बीण मागवली. ती येईना आणि ऑपरेशन थांबण्यासारखे नव्हते. तेव्हा त्यांनी मलाच उजेडात धरून टवका शोधला आणि ती कड खालच्या बाजूला येईल अशी मला फिरवून आत नेले. आता छत स्वच्छ दिसले. पहिले ठिगळ घट्ट बसलेले होते. त्याच्या शेजारी मोहरीएवढे दुसरे भोक होते. पहिल्या वेळी ते माझ्या धूसर कडेत दडले होते आणि ऑपरेशनची सूज उतरेपर्यंत बुजलेले राहिले होते. बाईंनी तेही बुजवले.

शुद्धीवर आल्यावर फरशीवाल्यांना त्यांनी सरळ सांगितले, “तुमच्या पेटीमुळे नव्हतं झालं.” ते ऐकून फरशीवाल्यांनी डोळे मिटले.

दोन महिन्यांनी तपासणीला त्यांना गुडघ्यांपर्यंत वाकवून नाकाखाली पांढरा कागद धरला. पाच मिनिटे झाली. कागद कोरडाच. ताईंनी दोनदा बोट फिरवून पाहिले. फरशीवाले मात्र उठेनात. बाई घाबरल्या. तेव्हा खालूनच ते म्हणाले, “ही फरशी कुणी बसवली? पार तिकडे उतार गेलाय.” त्या थकलेल्या खोलीत मी बाईंना खूप दिवसांनी हसताना ऐकले.

आता नवी दुर्बीण आली आहे आणि मी खणात असते. तक्रार नाही. मित्रांनो, एकच मागणे आहे. नाजूक वस्तू जपून हाताळा. आणि एवढे करूनही हातून काही फुटलेच, तर पुसून जागेवर ठेवू नका. सांगून टाका. थोडी बोलणी बसतील. पण कुणा माणसाला दुसऱ्यांदा ऑपरेशनच्या टेबलावर झोपावे लागणार नाही.