दुसरा हात दे

मित्रांनो, मी नाचाच्या तालमीच्या खोलीतला एक जुना आरसा आहे. आरसा म्हणजे भिंतीवर गुमान लटकणारी वस्तू, असे तुम्हांला वाटत असेल. मला ते कधीच जमले नाही. माझी चौकट एका बाजूने सैल आहे, कुणी पाय आपटला की मी खडखडतो. कारखान्यात माझ्या पाठीवर पारा चढवला, तो आजवर उतरलेला नाही.

माझी पहिली नोकरी कपड्यांच्या दुकानात होती. माणसे माझ्यासमोर पोट आत घेऊन उभी राहत आणि बायकोला विचारत, "बरा दिसतो ना?" बायको "दिसता की" म्हणे आणि दाराकडे बघे. किती स्वस्थ दिवस होते ते! पुढे दुकान बंद पडले आणि बाईंनी मला इथे आणले.

बाई नृत्ये बसवत. स्वतः नाचणे त्यांनी लवकरच सोडले होते. आपल्या मनातले दुसऱ्यांच्या अंगातून काढून घ्यायचे, हेच त्यांचे काम. त्यांच्या पायाला भिंगरी होती. खुर्चीत बसल्या तरी टाच हलत राही. काल पसंत केलेली चाल त्या आज मोडून टाकत. नाचणाऱ्या मुली रडकुंडीला येत.

"बाई, काल तुम्हीच छान म्हणालात."

"म्हणाले असेन. आज ते मला खोटं वाटतंय."

मीही वैतागून जाई. एक चित्र माझ्यात जरा स्थिरावते न स्थिरावते, तोच दुसरे. पण त्याहून वाईट पुढेच होते. प्रयोग जवळ आला की बाई माझ्यावर जाड पडदा ओढत आणि मुलींना म्हणत, "स्वतःला बघून पुरे झालं. आता एकमेकींना बघा." पडद्याआड माझा जीव कासावीस होई. त्यांची एकूण एक चूक मी पाहिलेली असे, आणि नाच जमला की तो मला दिसायचाच नाही. हा कुठला न्याय, तुम्हीच सांगा.

घर सोडून जाणाऱ्या मुलीचे नृत्य बाईंचे सर्वांत नावाजलेले. शेवटी आई मुलीचा उजवा हात धरते, मुलगी एकेक बोट सोडवून घेते आणि जाते. ते बघायला लांबून माणसे येत. या खोलीत घाम गाळलेल्या कितीतरी जणी पुढे स्वतः नृत्ये बसवू लागल्या. त्यांच्याही टाचा बसल्या जागी हलत म्हणे.

एकदा एक छायाचित्रकार व्हिडिओ काढायला आला. खोली अरुंद, पाचही जणी कॅमेऱ्यात मावेनात. शेवटी त्याने माझ्यावरचा पडदा सारला, कोपऱ्यात उभे राहून कॅमेरा माझ्याकडे वळवला आणि माझ्यात दिसणारा नाच टिपला. मी फुशारून गेलो. आरशात उजव्याचे डावे होते, हे शेंबडे पोरही सांगेल. पण तेव्हा नाच सगळ्यांना पाठ होता, त्यामुळे कुणाला त्याचे काही वाटले नाही.

मग बाई आजारी पडल्या, मुली पांगल्या, खोलीला कुलूप लागले. माझ्यापुढे मोडक्या खुर्च्यांची चळत रचली गेली आणि ओलीने अंगावर काळे डाग पडले. एका जागी पडून राहणे म्हणजे काय, ते मला तिथे कळले. मला ते बिलकूल आवडले नाही.

बाईंच्या भाचीने कुलूप काढले. मावशी आहे तोवर तिला तो नाच पुन्हा दाखवायचा, हा तिचा ध्यास. तिने स्वतः तो कधी केला नव्हता. व्हिडिओ बघून बघून तिने नव्या मुलींना शिकवले. इथे मुलगी आईच्या हातात डावा हात देऊ लागली! मी तळमळत होतो, खडखडत होतो. भाचीने माझ्या चौकटीत पुठ्ठ्याचा तुकडा खोचला.

प्रयोगाच्या आदल्या दिवशी काठी टेकत बाई आल्या. नाच संपला. बाई म्हणाल्या, "हे माझं नाही."

भाचीचा चेहरा उतरला. "मावशी, वर्षभर राबलेय मी. जसंच्या तसं केलंय."

"असेल. पण मला इथं बसवत नाही." बाई उठल्या, काठी बाजूला ठेवली आणि आईच्या जागी जाऊन हात पुढे केला. मुलीने डावा हात दिला. बाईंची मूठ काही मिटेना.

"हा नाही. दुसरा दे."

"पण व्हिडिओत डावाच आहे," भाची म्हणाली.

"घर सोडून व्हिडिओ निघाला होता की मी? माझ्या आईनं हा धरला होता. कामाचा हात. डावा काय, कुणीही सोडवून घेईल."

भाचीने पुन्हा व्हिडिओ लावला. मुलींच्या मागे भिंतीवरचे घड्याळ दिसत होते. त्याचे आकडे उलटे होते. तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले, मग माझ्याकडे. आजवर सगळ्यांनी माझ्यात पाहिले होते. माझ्याकडे कुणी पाहिले ते त्या दिवशी पहिल्यांदाच.

मग सगळे डावे उजवे करायचे ठरले आणि एकच गोंधळ उडाला. मुली एकमेकींवर आदळू लागल्या. "पाय ऐकतच नाहीत," भाची रडवेली झाली.

"पायांना कशाला सांगतेस? पडदा ओढ," बाई म्हणाल्या.

माझ्यावर पडदा आला. मी फक्त ऐकत राहिलो. पावले अडखळली, थांबली, पुन्हा निघाली. हळूहळू ती एकत्र पडू लागली. शेवटी सगळे शांत झाले. एकेक बोट सुटत असावे. मग बाईंचा बारीक आवाज आला, "गेली." आणि कुणीतरी हुंदका दिला. कोण ते मला दिसले नाही. बाईच असाव्यात.

मित्रांनो, माझे डाग पुसा, जमल्यास चौकटीला एक खिळा ठोका. माझ्यात बघून चुका शोधा, त्यासाठीच मी आहे. पण ज्यांच्या अंगात तो नाच आहे ती माणसे आहेत तोवर त्यांचा हात हातात घेऊन शिका. आणि जमू लागले, की माझ्यावर पडदा ओढा. मी थोडा खडखडेन. तिकडे लक्ष देऊ नका.