गोणपाटवाला माणूस

“आणखी एक हाण! चांगला वळ उठू दे!” हर्षदशेठ मांडवात खुर्ची टाकून ओरडत होते.

डोक्यावरून गोणपाट पांघरलेल्या ड्रायव्हरनं काठी उचलली आणि फणसाला साखळीनं बांधलेल्या कुत्र्याच्या पाठीत घातली. कुत्रा केकाटला नाही. तो साखळी पुरेल तिथवर झेपावला, गळपट्ट्याच्या हिसड्यानं मागे आपटला, पुन्हा उठला. तोंडाला फेस आला होता आणि फेसात रक्त होतं.

“शेठ, बस करा,” बागेचा राखणदार अकबर म्हणाला. “कशाला मारताय ता त्याला कळत नाय ओ.”

“कळायला कशाला हवं? गोणपाटवाला दिसला की फाडायचा, एवढं कळलं की पुरे.”

शेठचं गणित साधं होतं. गेल्या मोसमात रत्नागिरीजवळच्या पावस गावातल्या या बागेतला आंबा चोरीला गेला होता आणि चोर येतात ते गोणपाटं घेऊन. शेठ मुंबईत बसून उंटावरून शेळ्या हाकायचे. २००३ साली त्यांनी पिटबुल जातीचं पिल्लू आणून अकबरच्या ओटीत टाकलं आणि त्याचं नाव ठेवलं किलर. अकबर त्याला बाबू म्हणायचा.

वर्षभर बाबूला वाढवला तो अकबरनं. उंचीनं गुडघ्याएवढा, पण छाती हंड्यासारखी. बारीक केसांखालची कातडी उन्हानं भाजायची, म्हणून तो तिला खोबरेल चोळायचा. रोज सकाळी समुद्रावर दमेपर्यंत पळवायचा. या कुत्र्याचं अंग दमलं नाही तर डोकं फिरतं, हे त्याचं तोच शिकला होता. दुसरं कुत्रं दिसलं की बाबू चवताळायचा, माणसापुढे मात्र चारी पाय वर करून लोळायचा. कुत्र्याची लाळ नापाक, म्हणून घरी आल्यावर अकबर हात सात वेळा धुवायचा, त्यात एकदा तांबड्या मातीनं. त्याची बायको हफीजा पाणी ओतता ओतता टोमणा हाणायची, “पोरांची ढुंगणा तरी कवा एवढ्या हौसेन धुतलीत का तुमी?”

बाबूनं जबडा आवळला की मारून तो सुटत नसे. दाढांमागं लाकूड सरकवून पिळावं लागे. अकबरनं वीस वर्षं बोटीवर खलाशी म्हणून काढली होती. दोराचे पीळ उकलायची लाकडी खुंटी अजून त्याच्या कमरेला असायची. तीच कामी यायची.

त्या मारहाणीच्या दुसऱ्या दिवशी शेठ मुंबईला गेले, ड्रायव्हरला मागे ठेवून. पंधरा दिवस कुत्रा साखळीवरून सोडायचा नाही, अर्धपोटी ठेवायचा, भाकरीत लाल मिरची घालायची आणि दोन्ही वेळा गोणपाट पांघरून मारायचं, असा हुकूम होता. अकबरनं मिरची तेवढी चुकवली. बाकीचं तो बघत राहिला. या वयात दुसरी नोकरी कोण देणार, म्हणून गप्प बसला, आणि ही त्याची चूक होती.

पंधराव्या दिवशी ड्रायव्हर गेला आणि त्याच आठवड्यात आंबा उतरवायला माणसं आली. त्यांच्यात वर्षभर अधूनमधून बागेत कामाला येणारा रामा होता. बाबूला बिस्कीट दिल्याशिवाय तो झाडावर चढत नसे. पेटी वाहताना तिची धार खांद्याला कापते, म्हणून इकडे सगळेच डोक्याखांद्यावर गोणपाट घेतात. रामानंही घेतलं. लहानपणापासून रोज डोळ्यांसमोर असलेली गोष्ट, ती अकबरच्या लक्षातही आली नाही.

फणसाच्या खोडात ठोकलेली साखळीची कडी हिसडे खाऊन खाऊन ढिली झाली होती. ती निघाल्याचा आवाजसुद्धा कुणी ऐकला नाही. ऐकली ती रामाची किंकाळी.

बाबूनं त्याचा दंड कोपराच्या वर धरला होता आणि मान झटकत होता. पेटी फुटली, आंबे पायाखाली चिरडले. दोघांनी बांबू घातले, एकानं दगड. बाबूचा कान फाटला, डोळ्यात रक्त उतरलं, पण जबडा तसाच राहिला.

“मारू नुको रे! मारलास तर अजून आवळतो तो!” अकबर धावत आला. कुत्र्यावर टांग टाकून त्यानं त्याला गुडघ्यांत दाबलं, खुंटी दाढांमागं सारली आणि सगळा जोर लावून पिळली. रामाचा हात सुटला. मांस लोंबत होतं, आत हाड दिसत होतं.

गोणपाट खाली पडलं तेव्हा बाबूनं रामाचं तोंड पाहिलं. ओळखलं, आणि शेपटी हलवली. अकबरला ते बघवलं नाही.

रामाला जीपमध्ये घालून रत्नागिरीला नेलं. शेठना फोन लागला. “गोळी घाला त्याला. आणि माझं नाव कुठं यायला नको,” एवढं बोलून त्यांनी ठेवून दिला. चोर सोडून संन्याशाला फाशी!

रानडुकरांसाठी परवान्याची बंदूक होती ती रामाच्या भावाकडे, बाळाकडे. तो ती घेऊन आला.

“बाळा, त्याचा गुन्हा नाय. गुन्हा माजा. मी बगत रव्हलो.”

“चाचा, खरा असल ता. पन उद्या गोणपाट घेतलेला दुसरा कोन आला तर?”

अकबरनं खाली पडलेल्या गोणपाटाकडे पाहिलं. गोणपाट न घेणारा माणूस या बागेत आणायचा कुठून?

“बाजूला व्हा.”

“बाजूला झालो तर माज्या पाठी येल. मी बसलो तरच तो बसतो.”

अकबर फणसाखाली पाय पसरून बसला. बाबू लंगडत आला, नेहमीसारखा त्याच्या मांडीला पाठ टेकून बसला आणि सुस्कारा टाकला. अकबरनं त्याच्या डोळ्यांवर हात धरला.

“घाल.”

बार झाला. माडावरचे कावळे कलकलत उठले. बाबू कलंडला आणि अकबरच्या दोन्ही पायांवर पडला. एकदा ताणला गेला, मग सैल पडला.

बाळानं बंदूक फणसाला टेकवली आणि म्हणाला, “चाचा, उठा आता.”

“उठतो,” अकबर म्हणाला. पायांना मुंग्या आल्या होत्या, पण बाबूच्या अंगात ऊब होती तोवर त्यानं पाय काढून घेतले नाहीत.