तारेच्या खड्ड्याला पाणी

"वीज कडाडली बाई, अंगणी विळा टाका,
लेकीबाळींना माझ्या, पदराखाली झाका…"

आईचा जात्यावरचा हा आवाज कोकिळाच्या कानांत अजून होता. आभाळ गडगडलं की आई दळण थांबवून खरंच विळा अंगणात भिरकावायची. वीज लोखंडावर जाईल, घर वाचेल, एवढंच तिचं शास्त्र. एकदा विळा टाकला की काम झालं. सासरी कोकिळाच्या वाट्याला आलेली वीज एवढ्यावर भागणारी नव्हती.

तिचा नवरा तुकाराम मुंबईच्या गोदीत कामाला. मुंबईत रेडिओ नुकताच बोलू लागला होता. विलायतेला परतणाऱ्या कुणा साहेबाने मोडीत काढलेली पेटी त्याने रेवदंड्याला आणली, ती बापासाठी. बाप म्हणजे कोंडाजी तांडेल. गुडघे धरल्यापासून त्याचा होडीशी संबंध तुटला होता. पेटीला ना दिवा, ना बॅटरी. कानांवर दोन डबे चढवायचे आणि एकट्यानेच ऐकायचं. तिला म्हणायचे 'बिनतारी', आणि तार मात्र परसातल्या माडाच्या शेंड्याला पोचलेली.

"तेवडी तार मोकलीच हाय गो," शेजारची ठमी म्हणाली होती, "माजे बोंबील वालत घालू काय?"

जाताना तुकारामाने बजावलं होतं. आभाळ भरलं की भिंतीवरचा खटका खाली ओढायचा, म्हणजे वीज माडावरून थेट जमिनीत उतरते; पेटी वाचते आणि तिला कान लावून बसलेलं माणूसही. जिथे तारेचं टोक पुरलंय तो खड्डा मात्र ओला हवा. खारं पाणी चालायचं नाही, तारेच्या तांब्याला खातं.

म्हणून नारळीच्या वाडीपलीकडच्या विहिरीवरून रोज एक कळशी जास्तीची. पहाटे बंदरावर मासळी निवडायची, मग बांबूच्या वलांडीवर बोंबील टांगायचे, मग चूल, मग ती कळशी. चैत्र लागला तशी जमीन पाणी कळशीसकट गिळेल की काय, असं वाटायचं. कंबर धरून कोकिळा खड्ड्याशी वाकली की ओटीवरून सासरा म्हणायचा,

"ऱ्हाऊ दे आज. नको घालूस."

"तुमचा ल्योक मला बोलंल, बाबा."

"त्याला कोन सांगतंय?"

ती हसायची आणि ओतायची.

दिवेलागणीला कोंडाजी डबे कानांवर चढवून डोळे मिटून बसायचा. ते काढले की ती उंबऱ्यापाशी टेकायची. "काय म्हंते पेटी?"

"एक बाई गायली आज. गला कसा, भरतीचं पानी खाडीत शिरावं तसा. कुटं अडत न्हाय." कधी तो वाऱ्याचं सांगायचा, कधी मुंबईच्या बाजारात पापलेट कसं गेलं ते. खांबाला डोकं टेकून ऐकता ऐकता तिचा डोळा लागायचा. तो हळूहळू आवाज खाली आणायचा.

वैशाखात एका संध्याकाळी ती आणि ठमी वाळूत होत्या. वलांड्या भरल्या होत्या. पावसाळाभर खायचं आणि विकायचं ते सगळं तिथे लोंबत होतं. कोर्लईच्या डोंगरामागून आभाळ काळं होऊन आलं आणि अवेळी गडगडलं. बाया धावल्या. कोकिळाने बोंबलांचे दोन कवळे उतरवले आणि ती थबकली. ही म्हाताऱ्याची पेटीपाशी बसायची वेळ. कानांवर डबे, त्याला गडगडाट कुठला ऐकू यायला?

"ठमे, मी घरी जाते."

"खुली झालीस? मासली भिजंल! पावसाल्यात ती पेटी उकडून खाशील?"

"म्हातारा तारेला कान लावून बसलाय गो!"

ती पळाली. पाय वाळूत रुतत होते, पहाटेपासून उभे असलेले पाय. खाडीवर वीज उतरली, माड पांढरेफटक दिसले. दारात शिरली तर कोंडाजी डोळे मिटून तसाच बसलेला. तिने दोन्ही हातांनी खटका ओढला, त्याच्या कानांवरचे डबे हिसकले आणि भिंतीला धरून खाली बसली. कौलांवर पाऊस सुरू झाला.

"बोंबील गेले, बाबा," ती म्हणाली. "सगले."

कोंडाजी तिच्या पायांकडे बघत राहिला. घोट्याला काटा लागून रक्त आलं होतं. त्याने डबे उचलले आणि तिच्या कानांवर ठेवले.

"ऐक."

"काय ऐकू? खटका खाली हाय."

"वर असला तरी ह्येच. दसऱ्याच्या पावसात विजेनं आतलं जलालं. खटका वडायचा ऱ्हायला माज्याकडनं."

कोकिळाने डबे काढले. "मग ती बाई? ते गानं?"

"मीच रचायचो."

"आन् मी पानी घालीत ऱ्हायले!"

"रोज नको म्हनत व्हतो तुला." त्याने डबे तिच्या हातातून घेऊन खाली ठेवले. "पुडचं सांगाया जीभ उचलंना. पेटी मुकी हाय म्हटलं असतं, तर तू दारात टेकली नसतीस. दिसभरात तेवडीच बसायचीस, पोरी."