हिरवी तार

मित्रांनो, मी एक जुना गिटारचा ॲम्प्लिफायर आहे आणि या घडीला मोहोळला, तुमच्याच शाळेच्या मंचावर पडद्यामागे बसलो आहे. स्नेहसंमेलन सुरू व्हायला जेमतेम दहा मिनिटे आहेत. आयुष्य सांगायला एवढा वेळ पुरत नाही, पण आज थांबून चालणार नाही.

माझा जन्म मुंबईच्या एका लहानशा कारखान्यात झाला. सागवानी पेटी, पुढे जाळीचे कापड, वर बटणांचा पत्रा, आत जुन्या रेडिओत असत तसे काचेचे चार व्हॉल्व्ह. इलेक्ट्रिक गिटारला स्वतःचा आवाज नसल्यातच जमा. तो आम्ही देतो. एका ऑर्केस्ट्रा पार्टीबरोबर मी सोलापुरात आलो आणि वीस-बावीस वर्षे लग्नांत, गणपतींत वाजलो. टाळ्या गिटारवाल्याला मिळायच्या. मी मनात म्हणायचो, वाजवा, त्या खऱ्या कोणाच्या ते मला ठाऊक आहे!

पुढे पार्टी मोडली. नवी पेठेमागच्या बोळात वीरभद्रप्पांचे दुरुस्तीचे दुकान आहे, तिथल्या फळीवर मी धूळ खात पडलो. वयाने माझ्या अंगातली वीज बाहेरच्या पत्र्यापर्यंत पाझरू लागली होती. पण माझ्या वायरीत अर्थिंगची एक हिरवी तार होती. पाझरलेली वीज ती निमूटपणे जमिनीत नेऊन सोडी, म्हणून मला हात लावणाऱ्याला काही होत नसे. तिचे आभार मी कधी मानले नाहीत.

गेल्या आठवड्यात चेतना आली. ही तुमच्या सुबोध सरांची मुलगी. सोलापूरच्या कॉलेजात शिकते, गिटार वाजवते आणि गातेही. आजच्या कार्यक्रमासाठी तिला ॲम्प हवा होता. अप्पांनी तीन ओळीने मांडले. पहिला ट्रान्झिस्टरचा. त्याचा आवाज घासलेल्या भांड्यासारखा लख्ख, पण वाढवला की कानात टोचतो. दुसरा नवाकोरा डिजिटल. बटण दाबले की वीस जणांच्या नकला करतो. मात्र तार हळू छेडा नाही तर जोरात, पठ्ठ्याला फारसा फरक पडत नाही. तिसरा मी. मला तापायला वेळ लागतो, पण हळू छेडले तर मी गोड बोलतो, आणि जोर केला की माझा आवाज जाडसर, खरबरीत होतो, गाणाऱ्याचा गळा भरून यावा तसा.

फरक नीट कळावा म्हणून चेतनाने एका खटक्याच्या पेटीतून गिटार एकदम तिघांना जोडली. आणि मी घरघरू लागलो. ते होणारच होते. असे एकत्र जोडले की आमच्या अर्थिंगच्या तारांमधूनच ती घरघर उठते. एकटा असतो तर गप्प राहिलो असतो.

"अप्पा, टोन ह्याचाच लई भारी आहे, पण ही घरघर?"

"थांब की ताई, आत्ता गप करतो बघ."

अप्पांनी प्लग उघडला, हिरवी तार कापली आणि प्लग परत बंद केला. बाहेरून तिन्ही पिना जागच्या जागी. घरघर थांबली, आणि खरे सांगतो, मला आनंद झाला. त्या नकलाकाराला मी हरवले होते!

मग चेतनाने मला एकट्याला वाजवून पाहिले. "अप्पा, तारांना हात लावला की मुंग्या येताहेत."

"जुनं मशीन हाय, एवढा करंट असतोच की. पायात चप्पल हाय न्हवं तुझ्या? मग काय होतंय!"

आत्ताच मंचावर नटराजाची पूजा झाली. सुबोध सरांनी मलाही हळदकुंकू लावले आणि माझ्यासमोर नारळ फोडला. त्याचे पाणी माइकच्या खाली पसरले आहे. तेवढ्यात चेतना आली.

"चेतना, चपला काढ आधी," सर म्हणाले.

"बाबा, ह्याच्याजवळ चप्पल पाहिजे. अप्पा म्हणाले होते."

"अगं, दुकानात चालतं ते. हितं देव मांडलाय की."

तिने चपला काढून विंगेत ठेवल्या. सरांचे काय चुकले? आपल्याकडे कोणीही हेच सांगितले असते.

मित्रांनो, जुन्या वस्तूला हळदकुंकू लावणे म्हणजे तिची काळजी घेणे नव्हे. तिला जाणत्याकडून आतून तपासून घ्या. हाताला मुंग्या आल्या तर हसण्यावारी नेऊ नका. अर्थिंगची तार तर कधीही, कशासाठीही कापू नका.

पण हे सगळे उद्यासाठी. आत्ता माझे बटण चालू आहे, व्हॉल्व्ह तापले आहेत. गिटारची वायर अजून चेतनाच्या हातात आहे. ती मला जोडली की, हिरव्या तारेची वाट तुटल्यामुळे, माझी वीज गिटारच्या तारांमध्ये जाईल. तिची बोटे तारांवर असतील, ओठ माइकला लागतील आणि अनवाणी पाय ओल्यात असतील. मला भीती वाटते आहे. पडदा सरकू लागला आहे आणि ती खाली वाकली आहे. कोणता ॲम्प चांगला वाजतो हे मला आता सिद्ध करायचे नाही. मला आज वाजायचेच नाही. कोणीतरी उठा आणि माझा प्लग काढा.