इसी फ्लेट खाली बसली ती सकाळ

स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरच्या पोर्टलॅरी गावच्या संग्रहालयात पाऊल टाकलं की समोरच जेम्स फ्लेट भेटायचे. भेटायचे म्हणजे भिंतीवरून. पुरुषभर उंच तसबीर, पांढरी दाढी, अंगात निळा विणलेला जाड स्वेटर, आणि नजर अशी की उंबऱ्याशी पाय न पुसता आलेला माणूस मुकाट्याने मागे फिरून पाय पुसून येई. गावातली निम्मी घरं फ्लेटांची आणि त्यातले निम्मे पुरुष जेम्स, त्यामुळे टोपणनाव नसेल तर माणसाचं टपालसुद्धा घरी पोचत नसे. यांचं टोपणनाव बिशप, कारण जेवायला वाढा म्हणायचं तरी प्रवचनाच्या सुरात म्हणत. समुद्रावर मात्र पाद्री, बिशप असली नावं काढणं अशुभ. म्हणून होडीत चढल्यावर त्यांचेच खलाशी त्यांना नुसतं 'तो' म्हणायचे.

तसबिरीखाली पितळी पाटी होती. ऑक्टोबरच्या वादळाच्या सकाळी ज्याने आभाळ ओळखले आणि आपली होडी किनाऱ्यावरच ठेवली तो तांडेल, असं तिच्यावर लिहिलेलं होतं.

ती पाटी मिनाला रोज डाचायची. मिना म्हणजे बिशपांची नात, सदुसष्ट वर्षांची, मासळीच्या कारखान्यात उभी हयात काढलेली, खांद्याने रुंद आणि जिभेने तिखट. संग्रहालय सकाळी उघडायचं, पाहुण्यांना धुरी दिलेल्या हॅडॉक माशाचं सूप द्यायचं आणि शेजारच्या गावच्या संग्रहालयातल्या पेंढा भरलेल्या सीलची यथेच्छ निंदा करायची, ही तिची कामं. बॅन्फशायरचा नकाशा हातात धरून लोक येत. आधी पडका किल्ला, मग दीपगृह, मग सामन माशाचं जुनं बर्फघर, आणि दमून भागून शेवटी पोर्टलॅरी. मिना त्यांना गरम सूप पाजून असं काही ताजंतवानं करी की किल्ला कुठला होता हेच ते विसरत.

पण पाटीपाशी आली की तिची बोलती बंद होई. कारण ती पाटी खोटी होती, आणि लिहिणारा तिचा सख्खा भाऊ होता.

सँडी तिच्याहून आठ वर्षांनी मोठा. संग्रहालय उभं केलं ते त्यानेच. जाळी ठेवायची जुनी वखार पडायला आली होती, हा पठ्ठ्या दारोदार फिरला, लोकांच्या माळ्यांवरून गळ, टोपल्या, दिवे, नांगर गोळा केले, छपरावर स्वतः चढला. गावाला त्याचा अभिमान होता आणि मिनालाही होता, ती तोंडावर बोलत नसे एवढंच. मात्र त्याच्या कपाटात एक फोटो पडून होता, आणि तो त्याने कधीही भिंतीवर लागू दिला नव्हता.

फोटो पहिल्या महायुद्धाच्या आधीचा. पोर्टलॅरीला तेव्हा धक्का नव्हता. होड्या गोट्यांच्या किनाऱ्यापासून जरा आत, गुडघाभर पाण्यात तरंगत उभ्या करायच्या आणि बायकांनी आपापल्या नवऱ्याला पाठीवर घेऊन तिथवर पोचवायचं. पुरुषाला पुढे दिवसरात्र उघड्या होडीत काढायची. निघतानाच लोकर आणि चामडं भिजलं तर थंडी हाडात शिरली म्हणून समजा. फोटोत मिनाची आजी, इसी फ्लेट, परकर मांडीपर्यंत खोचून पाण्यात उभी आहे आणि तिच्या पाठीवर, दाढीबिढीसकट, बिशप बसलेले आहेत.

सँडीचं म्हणणं असं, की शहरातले लोक हा फोटो बघतील आणि हसतील. लहानपणी तो मोठ्या गावच्या शाळेत जाई, तेव्हा तिथली पोरं त्याला बघून एकमेकांच्या पाठीवर बसायची. ते त्याच्या मनातून गेलं नव्हतं. आपला आजोबा बायकोच्या पाठीवर बसलेला दाखवायचा आणि शेजारी तो वादळ ओळखणारा थोर माणूस म्हणून लिहायचं, हे कसं दिसेल, असं तो विचारी.

मिनाला नुसता फोटो नको होता, त्यामागची गोष्ट हवी होती. त्या ऑक्टोबरच्या सकाळी आभाळ ओळखलं होतं ते आजोबांनी नव्हे, आजीने. बिशप निघायला तयार होते, पाच खलाशी आधीच होडीत होते. इसी पाण्यापर्यंत आली, वळून उभी राहिली, आणि पाठ द्यायच्या ऐवजी सरळ गोट्यांवर खाली बसली. बाई खाली बसली की होडी गेली नाही, असा पोर्टलॅरीचा रिवाज. तो मोडायची हिंमत बिशपांचीही नव्हती. ते तिच्या डोक्यावर उभे राहून सगळ्या गावादेखत ओरडले. ती हलली नाही. बाकी चार होड्या गेल्या. संध्याकाळी एक परत आली.

आजीने हे मिनाला सांगितलं ते अगदी म्हातारपणी, आणि तेही एकदाच. एरवी ती कधी बोलली नाही, कारण त्या सकाळी बाकीच्या बायकांनी आपापल्या माणसांना उचलून पोचवलं होतं. त्या बायका पुढे जन्मभर शेजारी राहिल्या. त्यांच्यासमोर मी कुठल्या तोंडाने बोलू, असं इसी म्हणे. त्यामुळे श्रेय आपोआप बिशपांच्या पदरात पडलं, आणि पुढे ते पितळेत कोरलं गेलं.

"त्या सगळ्या जणी आता चर्चच्या आवारात आजीच्या शेजारीच झोपल्यात," मिना सँडीला म्हणाली होती. "आता कुणाची भीड धरायची?"

"माझी धर," सँडी म्हणाला होता आणि कपाट बंद केलं होतं.

अशात बिशपांची होडी तयार झाली. 'मॉर्निंग स्टार' तिचं नाव. गावाने कित्येक हिवाळे खपून ती सांगाड्यावरून पुन्हा बांधली होती. ती संग्रहालयाच्या दारात कायमची बसवण्याआधी एकदा समुद्रावर न्यायची, असं ठरलं. सँडीने हुकूम काढला की सगळं जसंच्या तसं व्हायला हवं. नवा धक्का नको, जुन्या किनाऱ्यावरूनच निघायचं. रबरी बूट नकोत, इंजिन नको, होडी वळवायची तीही जुन्या शकुनाप्रमाणे, सूर्य फिरतो त्याच दिशेने. तांडेल अर्थातच तो. त्या दिवशी त्याने काचेच्या कपाटातून बिशपांचे मांडीपर्यंत येणारे चामडी बूट काढले आणि चढवले. शंभर वर्षांपेक्षा जुने बूट, दरवर्षी हाताने तेल लावून जपलेले. घालून चालायला लागला तेव्हा त्याला बघून जिल्ह्याभरातून आलेल्या पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या, मिनानेही वाजवल्या.

किनारा माणसांनी फुलला होता. पाच खलाशी वल्ही घेऊन होडीत चढले होते. ते लोकरीचे पायमोजे नि बूट खांद्यावर टाकून पाण्यातून चालत गेले, तरुण होते, चाललं. मिनाचा मुलगा डग्लस पुढच्या वल्ह्यावर होता. भरती संपून ओहोटी लागली होती. सँडी रुबाबात पाण्याच्या कडेपर्यंत गेला आणि थांबला.

बूट. संग्रहालयातला सगळ्यात जुना जोड. खाऱ्या पाण्यात एकदा बुडाला की चामडं तडकलंच. काढायला वाकला तर गुडघे वाकेनात, आणि बूट असे घट्ट बसले होते की दोन माणसांनी ओढूनही निघेनात. आजोबा होडीत कसे चढायचे ही गोष्ट त्याने इतकी वर्षं कपाटात कोंडली होती, की आजचा बारीकसारीक बेत आखताना ती त्याच्या डोक्यात आलीच नाही. पाहुणे कॅमेरे धरून उभे होते. होडी हळूहळू तळाला टेकत चालली होती.

"मामा, पोहत येतोस का?" डग्लस होडीतून ओरडला. किनाऱ्यावर हशा पिकला. सँडीचे कान लाल झाले.

मिनाला हसू आलं नाही. तिने चपला काढल्या, परकर खोचला आणि गोट्यांवरून खाली आली. ती त्याला पाठीवर घेणार हे लोकांच्या लक्षात आलं तशा टाळ्या सुरू झाल्या. ती सँडीच्या पुढे पाण्यात एक पाऊल गेली, वळून त्याच्याकडे पाठ केली. सँडीने सुटकेचा निःश्वास टाकून तिच्या खांद्याला हात लावला.

मिना खाली बसली.

पाहुण्यांना वाटलं, बाईला भोवळ आली. दोघं-तिघं धावलेही. पण गावातला एकही माणूस जागचा हलला नाही. म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे बघितलं. काहींना हे नुसतं ऐकून माहीत होतं, काहींना तेही नव्हतं, तरी अंगात काहीतरी ओळखीचं हललं असावं. टाळ्या थांबल्या.

"ऊठ," सँडी दातांतल्या दातांत म्हणाला. "होडी रुतेल."

"रुतू दे."

"अख्खा जिल्हा बघतोय, मिना."

"म्हणूनच बसलेय. सांग त्यांना, त्या सकाळी कोण खाली बसलं होतं."

"वेळकाळ काही आहे की नाही? उद्या बोलू."

"आजोबाही असेच डोक्यावर उभे राहून ओरडत होते," मिना म्हणाली. तिच्या कमरेखाली पाणी येत-जात होतं आणि ते मे महिन्यातही बर्फासारखं गार होतं. "मी उठत नाही, सँडी. तुझी होडी, तुझे बूट, तू बघ."

सँडीने होडीकडे बघितलं. वल्ह्यांवरची ती पोरं, कुणी पाइरी, कुणी स्लेटर, कुणी फ्लेट. त्या सकाळी होडीत आधीच चढून बसलेल्या खलाशांची पणतवंडं. हे त्यानेच जुळवून आणलं होतं, प्रत्येकाच्या जागेवर त्याच्याच घरचा मुलगा. आपण नेमकं काय जुळवलंय हे त्याला तेव्हा कळलं असावं. तो लोकांकडे वळला.

संग्रहालयातली पाटी खोटी आहे, आणि ती मी लिहिली, असं तो म्हणाला. मग त्याने सगळं सांगितलं, तिखटमीठ न लावता. आजी खाली बसली, आजोबा ओरडले, होडी राहिली, बाकीच्या गेल्या. पुढे त्याने जे सांगितलं ते मात्र मिनालाही ठाऊक नव्हतं.

"दर ऑक्टोबरात, त्या तारखेला, आजोबा प्रार्थनेहून घरी यायचे," सँडी म्हणाला. "आजी चुलीपाशी असायची. ते तिच्यासमोर उभे राहायचे आणि टोपी काढायचे. शब्द बोलायचे नाहीत. ती म्हणायची, पुरे, सूप गार होतंय. मी टेबलाखाली बसून बघितलंय. बिशप फ्लेटने राजा आला तरी टोपी काढली नसती."

एवढं बोलून त्याने आपली टोपी काढली आणि पाण्यात बसलेल्या बहिणीसमोर उभा राहिला. डोक्यावरचे उरलेसुरले पांढरे केस वाऱ्याने उभे राहिले होते. कुणी हसलं नाही.

मिनाला रडू कोसळलं, आणि ते लपवायला ती गेली नाही. आयुष्यात एवढी ताठ मान आपली कधी झाली नव्हती, असं तिला वाटलं, आणि तेही कमरेपर्यंत चिंब भिजून खाली बसलेलं असताना.

"पुरे," ती म्हणाली. "होडी रुततेय."

ती उठली, वाकली, आणि सँडी पाठीवर चढला. चांगलाच जड होता. तिने त्याच्या मांड्या घट्ट धरल्या आणि पाण्यात पाय टाकला. गोटे निसटत होते. दुसऱ्या की तिसऱ्या पावलाला ती डगमगली, तेवढ्यात तिला मागे पाण्याचा आवाज आला.

बायका पाण्यात उतरत होत्या. आधी पाइरींची सून, कडेवरचं पोर नवऱ्याकडे देऊन. मग स्लेटरांच्या दोघी बहिणी, समारंभासाठी घातलेल्या चांगल्या बुटांसकट. मग ज्यांच्या घरची माणसं त्या दिवशी परत आली नव्हती त्या घरांतल्याही, एकेक करून. कुणी कुणाला हाक मारली नव्हती. त्या मिनाच्या दोन्ही बाजूंनी आल्या आणि खांद्याला खांदा लावून चालू लागल्या.

"पडशील तर धरू," पाइरींची सून म्हणाली.

"पडत नाही," मिना म्हणाली, आणि बिशपांचे कोरडे बूट होडीच्या काठावर टेकवले.