तिसऱ्या अलार्मची जागा

नवं घर बांधून झालं, तरी नागसेनच्या जिवाला स्वस्थता नव्हती. जालन्याच्या एमआयडीसीत बारा वर्षं भट्टीपुढे उभा राहिलेला हा माणूस आगीला भीत नव्हता. पण पलीकडच्या गल्लीत चार्जिंगला लावलेली स्कूटर पेटली, घरभर धूर भरला, तरी झोपलेल्यांना पत्ता लागला नाही, हे ऐकल्यापासून त्याची झोप उडाली. त्याने धुराचे तीन अलार्म आणले आणि शिडी घेऊन घरभर फिरू लागला.

पहिला त्याने हॉलमध्ये लावला, तोही नेमका बुद्धमूर्तीच्या वर. आता याला काय म्हणावं? गृहप्रवेशाची वंदना सुरू झाली, अगरबत्त्यांचा धूर वर गेला आणि त्या डबीने असा काही टाहो फोडला की पाहुणे चपला शोधायला लागले. एकटी त्याची आई कौसल्या डोळे मिटून, हात जोडून त्रिसरण म्हणत राहिली. "याला म्हणतात ध्यान," वंदना घ्यायला आलेले भन्तेजी म्हणाले. नागसेनची छाती फुगली.

दुसरा स्वयंपाकघरात लावला. बायकोने, सत्यशीलाने, ठेच्यासाठी मिरच्या भाजायला घेतल्या आणि पुन्हा तेच.

"एक तर हे वाजंल, न्हाईतर मी सैपाक करीन," ती शिडीकडे बोट दाखवत म्हणाली. "काढा जल्दी."

मग पहिला मूर्तीपासून लांब, इन्व्हर्टरच्या बाजूला गेला आणि दुसरा खोल्यांमधल्या बोळीत. तिसऱ्याचं काही ठरेना. रविवारी दुपारी जेवून आई मागच्या खोलीत दार लोटून आडवी झाली, तेव्हा नागसेनने बोळीतल्या अलार्मचं बटण दाबून पाहिलं. मुलगी साक्षी कानावर हात ठेवून बाहेर आली. शेजारी कंपाउंडवरून डोकावला. आईचं दार काही उघडलं नाही.

तिसरा अलार्म घेऊन तो आत गेला. आई भिंतीकडे तोंड करून झोपली होती. तिच्या उशाशी त्याने बटण दाबलं, मग आणखी जवळ नेऊन दाबलं. आईने कूससुद्धा बदलली नाही.

ध्यान कसलं अन् काय! वर्षभर रोज संध्याकाळी तो भट्टीवरचं सगळं हिला सांगत होता, ही मान डोलवत होती, आणि याला वाटत होतं आई ऐकतेय. त्याला स्वतःची लाज वाटली.

त्याने तिच्या पायाला हात लावला. ती दचकून उठली, पदर सावरला.

"जागीच होते मी. समदं ऐकून राह्यले."

"काय ऐकलं?"

तिने त्याच्या ओठांकडे पाहिलं. "तू हाक मारलीस की."

नागसेनने हाक मारलीच नव्हती. तो तिच्या समोर येऊन बसला आणि सावकाश, एकेक शब्द सुटा करत म्हणाला, "आई, साक्षीला नव्या घरात एकटीला झोपायचं भ्याव वाटतं. तुझ्यापाशी झोपू दे तिला."

आईचा चेहरा खुलला. "मंग? बिलकुल झोपू दे. लेकरूच हाय अजून ते."

दहावीतली साक्षी दारात उभी होती. तिला कशाचंच भय नव्हतं. ती उसळून काही बोलणार होती, पण तिने बापाच्या हातातली डबी पाहिली, बापाचे डोळे पाहिले आणि जाऊन आपली गादी ओढत आणली. मग आजीला तोंड नीट दिसेल अशी तिच्या पुढ्यात बसली.

"आजी, मला लई भ्याव वाटतं," ती म्हणाली. "रोज तुझा हात धरून झोपीन."