मांडीवरचं कॅबिनेट

महेंद्र सरांनी बुधवारी संध्याकाळी कॉम्प्युटर जोडून पूर्ण केला, आणि शनिवारची सकाळ उजाडली तरी त्याच्या पडद्यावर एक अक्षर उमटलं नव्हतं. सोमवारी दहा वाजता क्लास सुरू व्हायचा होता. अकरा जणांनी नावं दिली होती.

मुरबाडला एसटी स्टँडच्या मागे सरांचा टायपिंगचा क्लास होता, अठरा वर्षांचा. मशीनची दुरुस्ती सर स्वतः करत. कचेरीतलं एखादं मशीन अडलं तरी शिपाई ते सरांकडेच घेऊन यायचा. पण २००२ च्या दिवाळीपर्यंत क्लासला चारच पोरं उरली, तेव्हा सर मुंबईला जाऊन कॉम्प्युटरचे सुटे भाग घेऊन आले. दुकानदार जोडून द्यायला तयार होता. सर म्हणाले, मला येतं.

बटण दाबलं की आतले पंखे फिरायचे, पुढचा हिरवा दिवा लागायचा. पडद्यावर मात्र काळोख, आणि त्या काळोखात 'नो सिग्नल' लिहिलेली एक चौकट इकडून तिकडे सरकत राहायची. गुरुवारी सरांनी सगळ्या वायरी काढून परत लावल्या. रॅमची पट्टी काढली, तिचे सोनेरी दात खोडरबरने घासले, पट्टी दुसऱ्या खाचेत बसवली. शुक्रवारी शेजारच्या फोटोवाल्याचा मॉनिटर आणून लावून बघितला. त्याच्यावरही तीच चौकट सरकायला लागली. म्हणजे मॉनिटर चांगला होता आणि दोष पेटीत होता, एवढंच कळलं. जेवताना ते मधेच हात धुऊन उठले, एक वायर दाबून आले आणि परत पानावर बसले. असं तीनदा झालं.

शनिवारी सकाळी त्यांची बायको पौर्णिमा अंगणवाडीला निघताना दारात थांबली. "शहापूरला देवरामची अनिता हेच काम करते," ती म्हणाली. "तिला दाखवा की."

पौर्णिमा गेल्यावर सरांनी आणखी एकदा बटण दाबून बघितलं, खोलीत दोन फेऱ्या मारल्या आणि मग कॅबिनेटची ती पेटी चादरीत गुंडाळली.

वैशाखरे गावच्या देवरामची अनिता ही सरांची सगळ्यात चांगली विद्यार्थिनी. पाच वर्षांपूर्वी मिनिटाला चाळीस शब्दांच्या टायपिंग परीक्षेत ती तालुक्यात पहिली आली, आणि तिला कल्याणला कॉम्प्युटरचा कोर्स करायचा होता. देवराम भातशेती करणारा माणूस. पोरीला पाठवू का, म्हणून तो सरांना विचारायला आला. सरांनी सांगितलं, हे कॉम्प्युटर चार दिवसांचं खूळ आहे, हिला सरकारी नोकरी लागेलच. नोकरी काही लागली नाही. पुढे अनिताने स्वतःच्या हिमतीवर कोर्स केला आणि शहापूरच्या एका दुकानात कॉम्प्युटर दुरुस्तीच्या कामाला लागली. मधे एकदा स्टँडवर दिसली तेव्हा तिने मान फिरवली होती. सरांनीही हाक मारली नाही.

कॅबिनेट मांडीवर घेऊन सर शहापूरच्या गाडीत बसले. खड्डा आला की ते दोन्ही हातांनी पेटी उचलून धरत. किन्हवलीला गाडी दहा मिनिटं थांबली, तर तेवढा वेळही त्यांना बसवेना. पेटी सीटवर ठेवून ते दारापर्यंत गेले, परत आले, परत गेले. पोचल्यावर काय बोलायचं ते मनात जुळवत होते आणि प्रत्येक वेळी पहिल्याच वाक्याला अडत होते.

दुकानात अनिता एकटीच होती. तिने आधी सरांकडे बघितलं, मग चादरीकडे.

"या सर," ती म्हणाली. हसली नाही.

सरांनी केलेले सगळे उपाय एका दमात सांगितले. शेवटी अनिताने एवढंच विचारलं, की मदरबोर्ड पेटीच्या बाहेर काढून चालवून बघितला का. सर म्हणाले, तो कशाला काढायचा, पेटीतच तर बसवायचाय.

अनिताने बोर्ड काढला आणि टेबलावरच्या एका पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवला. हार्ड डिस्क, सीडी, सगळं बाजूला केलं. प्रोसेसर, त्याच्यावरचा पंखा, रॅम आणि वीज, एवढंच ठेवलं. सर उठून तिच्या खांद्यामागे आले, मग दाराकडे गेले, मग पुन्हा मागे आले.

"सर, बसा. तुमी असं फिरलात तर माझा हात चुकल."

सर स्टुलावर बसले. अनिताने स्क्रूड्रायव्हरचं टोक बोर्ड चालू करायच्या दोन बारीक पिनांना टेकवलं. पंखा फिरला, 'टीक' असा एक बारीक आवाज आला आणि दुकानातल्या मॉनिटरवर पांढरी अक्षरं भराभर उतरली. सर अर्धवट उठले आणि तसेच थांबले.

बोर्ड चांगला होता. मग अनिताने रिकामी पेटी उजेडात धरली. आतल्या पत्र्यावर पितळेचे नऊ छोटे खुंट बसवलेले होते. बोर्ड त्यांच्यावर टेकतो, म्हणजे पत्र्याला चिकटत नाही. पण या बोर्डाला भोकं होती सहाच. उरलेले तीन खुंट बोर्डाच्या पाठीला नको तिथे टोचत होते आणि आतल्या आत शॉर्ट होत होता.

"नऊ कशाला लावलेत?"

"पाकिटात नऊ होते," सर म्हणाले. टाइपरायटर जोडताना एक स्क्रू जरी हातात उरला, तरी काहीतरी चुकलंय असं समजायचं, हे ते जन्मभर पोरांना शिकवत आले होते. तेही त्यांनी तिला सांगितलं.

"माहीत आहे. मलापण तुमीच शिकवलंय."

तिने पकडीने तीन खुंट काढले आणि त्यांच्या हातावर ठेवले. मग पेटीकडे बघतच बोलली, "सर, मी तीन वर्षं फॉर्म भरले. तुमी सांगितलं म्हणून बाबा मला कल्याणला पाठवत नव्हता."

"मला वाटलं होतं, लागेल नोकरी."

"तुमाला वाटलं होतं. पण तुमी सांगितलं, लागेलच."



"चुकलं माझं," सर म्हणाले.

अनिता स्क्रूड्रायव्हर त्यांच्यापुढे धरून म्हणाली, की बोर्ड आता तुम्हीच बसवा, सोमवारी काही अडलं तर तिथे मी नसणार. सरांनी बोर्ड बसवला. एक स्क्रू त्यांनी फार आवळला तेव्हा तिने तो सैल करायला लावला. एकेक वस्तू जोडायची, दर वेळी चालू करून बघायचं, मगच पुढची, असं करत दोन तास गेले. ते निघाले तेव्हा ती म्हणाली, "शिकवा पोरींना, चांगलं शिकवा. फक्त नोकरीचं नका सांगू."

सोमवारी दहाच्या आधीच अकराही जण हजर होते. म्हसा रोडवरून आलेल्या गिरजाबाई मुलीला घेऊन दारातच उभ्या राहिल्या. भात कापणीचा एक दिवस मोडून आल्या होत्या.

"सर, हे शिकून हिला नोकरी लागंल ना?"

आत पडदा उजळलेला होता, पोरं त्याच्याभोवती दाटीने उभी होती. सर नेहमीसारखं बोलायला गेले आणि थांबले.

"ते मला नाय सांगता येत, बाई. मी नीट शिकवीन."

हे उत्तर गिरजाबाईंना आवडलं नव्हतं, ते चेहऱ्यावर दिसत होतं. मग त्यांनी मुलीच्या पाठीला हात लावून तिला आत ढकललं आणि एसटी गाठायला निघून गेल्या.

दुपारी सरांनी पीसीओवरून शहापूरच्या दुकानात फोन लावला आणि मशीन व्यवस्थित चालल्याचं सांगितलं. अनिता "बरं" म्हणाली. फोन ठेवील असं वाटलं, पण तिने विचारलं, "पोरी किती आहेत?"

"सात."

"गुरुवारी दुकान बंद असतं," ती म्हणाली. "बघते येऊन."